‘सिट-इन’ला मराठीत काय म्हणावे? ठिय्या, धरणे की आणखी काही?

अनुवादिनी : अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीवरील लेखाचे भाषांतर करताना ‘सिट-इन’पाशी, म्हणजे मज्जाव असलेल्या जागी बसून केलेल्या निषेधाच्या नावापाशी, अडले आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथील वूलवर्थच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू विकत घेतल्या आणि मग त्याच दुकानातील, गोऱ्यांसाठी राखलेल्या लंच काउंटरवर बसून कॉफी मागितली. मी ‘ठिय्या’ लिहिले होते, संपादकांनी ‘धरणे’ केले. योग्य काय?

कोशवाचक : ‘धरणे’ मुळीच नको. पूर्वी सावकार ऋणकोच्या आणि पगार तुंबलेला शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसे. ते येणे वसूल करण्यासाठी असे आणि तेही दाराबाहेर.

रोजची मराठी : या न्यायाने ‘तेल’ फक्त तिळाचेच म्हणावे लागेल. शेंगदाण्याचे तेल आपण बिनदिक्कत खातोच की.

इतिहासप्रेमी : अडचण दाराची नाही. ठिय्यात बसणे वेगळे आणि मागणी वेगळी असते. येथे त्या स्टुलावर बसणे हीच मागणी होती, जसे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिणे हेच हक्क बजावणे होते. म्हणून ‘बैठा सत्याग्रह’ म्हणावे. अमेरिकेतीलच नॅशव्हिल शहरात अशा सिट-इनसाठी विद्यार्थ्यांना शिवीगाळ आणि मारहाण सोसण्याची तालीम देणारे जेम्स लॉसन त्याआधी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास त्यांनी तेथेच केला, हेही लक्षात घ्यावे.

रोजची मराठी : सत्याग्रह मान्य, पण ‘बैठा’ म्हटले की मला कॅरम आठवतो. शिवाय १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मिशिगन विद्यापीठात ‘टीच-इन’ (व्याख्याने-चर्चांतून केलेला निषेध) झाले, ते नाव ‘सिट-इन’वरूनच पडले. तुमच्या शब्दावरून त्याला काय म्हणणार, ‘शिकवता सत्याग्रह’? त्यापेक्षा ‘सिट-इन’च ठेवावे.

अनुवादिनी : टीच-इन माझ्या लेखात नाही, सुदैवाने. मात्र संपादकांनी ‘लंच काउंटर’चेही ‘उपाहारगृह’ केले आहे. त्यामुळे एकाच छपराखाली एका काउंटरवर पैसे घेतात आणि दुसऱ्यावर कॉफी नाकारतात, हा सगळा मुद्दाच हरवतो.

इतिहासप्रेमी : ‘फराळाचा कट्टा’ कसे वाटते?

कोशवाचक : फराळ म्हणजे मुळात फलाहार. तेथे सँडविच मिळत असे.