मदत हवी आहे: तैलचित्रातलं आकाश वाळतच नाहीये!

निनाद_कोथरूड: क्लोद लोरँच्या (सतराव्या शतकात इटलीची निसर्गदृश्यं रंगवणारा फ्रेंच चित्रकार) धर्तीवर निसर्गचित्र करतोय. पुढे काळपट झाडं, मधे पाणी, मागे उजेडात विरघळणारे डोंगर. आकाश अजून बोटाला चिकटतंय आणि त्यावर ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, द्यायचंय. भावाची वास्तुशांत तोंडावर आलीय. झटपट उपाय सांगा. ॲक्रिलिक सुचवू नका.

रंगपेटी: पांढरा कुठला? माध्यम काय? आम्ही अंतर्ज्ञानी आहोत का?

निनाद_कोथरूड: नेहमीचंच. टिटॅनियम व्हाइट, जवसाचं तेल.

रंगपेटी: तेल किती?

निनाद_कोथरूड: रंग सरसरीत होईपर्यंत.

मावळचा_मामा: ॲक्रिलिक घ्या. तासाभरात वाळतं.

निनाद_कोथरूड: मामा, वर वाचा.

जुना_कुंचला: टिटॅनियम व्हाइट मुळातच सावकाश वाळतो, त्यात पुण्यातला श्रावण. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ करायचा, तेल वरच्या थरांत वाढवायचं. तुम्ही पहिल्याच थराला तेल पाजलंय. त्यावर कमी तेलाचा थर दिलात तर पुढे तडे जातील. पुढच्या वेळी खालची बांधणी बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात करा, त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळते. चित्र ठेवलंय कुठे?

निनाद_कोथरूड: दमट हवा लागू नये म्हणून बेडच्या बॉक्समध्ये.

जुना_कुंचला: अहो, बाहेर काढा! हवाच लागते त्याला. शिवाय अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

स्टुडिओ_३०: कोबाल्ट ड्रायर टाका, रंग लवकर वाळवतो तो, विषय संपला.

जुना_कुंचला: ड्रायर रंगात आधी कालवायचा असतो, लावलेल्या थरावर शिंपडायचा नाही. जास्त झाला तर वर साय धरते आणि खाली ओलं ते ओलंच.

स्टुडिओ_३०: माझं कधी बिघडलं नाही.

टेकडीवाली: वाळण्याचं राहू द्या, इटलीचे डोंगर कशाला? हिवाळ्यात सकाळी वेताळ टेकडीवरून सिंहगडाकडे बघा. पायथा धुरकट, माथा निळसर करडा, झाडाझाडांतला फरक पुसलेला. दूरचं तसंच फिकट ठेवायचं असतं.

रंगपेटी: ताई, मुद्दा पटला. लोरँही रोमच्या आसपास हिंडून रेखाटनं करायचा, मग स्टुडिओत दृश्य रचायचा. 1682 मध्ये वारला तोही रोममध्येच.

मावळचा_मामा: फ्रेमला काच लावू नका, आमच्याकडे बुरशी आली होती.

निनाद_कोथरूड: फ्रेमचं कुणी विचारलंय? वास्तुशांत शुक्रवारी आहे!

जुना_कुंचला: मग शुक्रवारी कुकर द्या. चित्राचं दिवाळीनंतर बघू.