राणी चांगली होती, पण गादीचं काय?

थेम्सकाठची

एलिझाबेथ राणीला जाऊन काही वर्षं झाली, तरी आमच्या घरात तिच्यावरून अजून वाद होतो. म्हणून हा धागा.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिचं पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलं होतं, तेव्हा मी रांगेत उभी होते. साडेनऊ तास. साउथवार्क पार्कपासून नदीच्या कडेकडेनं पुढे सरकत होतो. माझ्या मागे मूळची घानाची एक नर्स होती. मध्यरात्री गारठा वाढला तेव्हा तिनं आपली अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली. पहाटे शवपेटीसमोर आले आणि हात आपसूक जोडले गेले. हे मी लपवणार नाही.

घरी येऊन आईला पुण्याला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तिनं एवढंच विचारलं, "ती जालियनवाला बागेत गेली होती ना गं? माफी मागितली होती का?"

मी तेव्हा वैतागले. म्हटलं, "अगं, गोळीबार १९१९ चा. ही जन्मली १९२६ ला." पण नंतर वाचत गेले. १३ ऑक्टोबर १९९७ ला दिल्लीतल्या मेजवानीत ती म्हणाली होती की आपल्या भूतकाळात काही अवघड प्रसंग घडले, जालियनवाला बाग हे त्याचं क्लेशदायक उदाहरण आहे, पण कितीही वाटलं तरी इतिहास नव्यानं लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी अमृतसरला तिनं पायातले बूट काढले, पुष्पचक्र वाहिलं, मान लववली. माफीचा शब्द मात्र उच्चारला नाही.

माझं मत सांगते. बाई कर्तव्याला पक्की होती. सत्तर वर्षं राज्य केलं, आणि जाण्याच्या दोनच दिवस आधी, ९६ व्या वर्षी, काठी टेकत नव्या पंतप्रधानांची नेमणूक केली. हे पुण्य तिचं स्वतःचं. गादीचं देणं वेगळं, आणि ते तिच्या चांगुलपणानं फिटलेलं नाही. आपण हे दोन्ही एकाच तराजूत घालतो, तिथे चुकतं असं मला वाटतं. तुम्हाला?

मिरजकर मास्तर

ताई, तुमच्या आईंबद्दल आदर राखून सांगतो, प्रश्न चुकीच्या दारावर विचारला गेला आहे.

तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. ब्रिटनचा राजा किंवा राणी परदेश दौऱ्यावर स्वतःच्या मनातलं बोलत नाही. भाषण सरकारच्या सल्ल्यानं होतं. १९९७ साली ब्लेअर यांचं सरकार होतं. त्यांना माफी मागायची असती तर राणीच्या भाषणात ते शब्द आले असते. त्यांनी घातले नाहीत, तिनं उच्चारले नाहीत.

जालियनवाला बागेची जबाबदारीही नीट लावा. डायरवर १९२० मध्ये पार्लमेंटात चर्चा झाली. कॉमन्स सभागृहात चर्चिलनं त्या कृत्याला राक्षसी म्हटलं, तर लॉर्ड्सनी डायरच्या बाजूनं ठराव केला. एका वृत्तपत्रानं त्याच्यासाठी निधी उघडला आणि लोकांनी २६ हजार पौंडांवर रक्कम जमवून दिली. हे सगळं ब्रिटिश पार्लमेंटनं आणि ब्रिटिश जनतेनं केलं. पुढे पंतप्रधान म्हणून कॅमेरन २०१३ साली बागेत जाऊन आले, थेरेसा मे २०१९ साली पार्लमेंटात बोलल्या. दोघांनीही ही लाजिरवाणी घटना असल्याचं म्हटलं आणि माफी टाळली. ज्यांच्या हातात अधिकार होता त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि जाब विचारायचा तो जिच्या हातात फक्त पुष्पचक्र होतं तिला?

जुनी पेठ

मास्तर, भाषण सरकारचं हे मान्य. पण राणीच्या नवऱ्याचे शब्दही सरकारनं लिहून दिले होते का?

त्याच दिवशी, त्याच बागेत. दोन हजार हुतात्मे असा आकडा लिहिलेल्या फलकापाशी प्रिन्स फिलिप थांबले आणि म्हणाले की हा आकडा फुगवलेला आहे, यात जखमीही धरले असतील. आपण डायरच्या मुलाबरोबर नौदलात होतो, असंही त्यांनी सांगितलं. हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. सरकारी आकडा ३७९, काँग्रेसच्या चौकशी समितीचा सुमारे १०००. आकड्यावर वाद होऊ शकतो. पण जिथे १६५० गोळ्या झाडल्या गेल्या त्या जागी पाहुणा म्हणून उभं राहून मारणाऱ्याच्या घरून ऐकलेली गोष्ट सांगायची? माणसाचा स्वभाव अशाच वेळी कळतो. मी तेव्हा कॉलेजात होतो. ती बातमी वाचून माझ्या वडिलांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

आणि मी पुण्याचा आहे. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत रोषणाई आणि मेजवानी चालू होती. शहरात प्लेगनं घरं रिकामी झालेली, गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊन गेलेले. त्याच रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याआधी १ जानेवारी १८७७ ला तिला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दिल्ली दरबार भरला, तेव्हा दख्खनेत दुष्काळानं माणसं मरत होती आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरवली जात होती. रोषणाई राणीच्या नावाची, दरबार राणीच्या नावाचा. मग उपासमार तेवढी पार्लमेंटच्या नावावर कशी?

बांधावरचा

मी तलाठी कार्यालयात बारा वर्षं काढली, तेवढ्यापुरतं बोलतो.

बाप गेला की पोरं वारसनोंदीला येतात. फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. पण 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा असेल तर तो बापाबरोबर जळत नाही. जमीन ज्याच्या नावावर आली, बोजा त्याच्या जमिनीवर आला. एखादा म्हणतो, "कर्ज मी काढलं नव्हतं." बरोबर आहे त्याचं. विहीरही त्यानं खणली नव्हती, पण पाणी तोच उपसतो. वारसानं घरातली भांडी विकून कर्ज फेडावं असंही कायदा म्हणत नाही. जेवढी मिळकत हाती आली, तेवढ्यापुरतं देणं.

आता विंडसर घराण्याचा उतारा काढा. डची ऑफ लँकेस्टर ही जहागीर १३९९ पासून गादीबरोबर चालत आली आहे. तिथं साध्या माणसाच्या ठराविक रकमेपुढच्या वारशावर ४० टक्के कर लागतो. गादीवरच्या माणसाकडून पुढच्या गादीवरच्या माणसाकडे जे जातं, त्यावर तो लागत नाही, १९९३ पासून तसं ठरलेलंच आहे. म्हणजे वारसा घेताना 'मी आणि माझे पूर्वज एकच', आणि देणं निघालं की 'मी तेव्हा जन्मलो नव्हतो'. आमच्या कचेरीत असा अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता.

मास्तर, राणीला बोलायचा अधिकार नसेल. पण उतारा तिच्या नावावर होता.

हुगळीकाठचा

बांधावरचे दादा, युक्तिवाद आवडला, आणि म्हणूनच तो आपल्याही अंगणात आणतो. मी अठरा वर्षं कोलकात्यात आहे. आमच्या शेजारच्या आजी नातवाला झोपवताना जी अंगाई म्हणतात, तिच्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपण. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत बंगालच्या खेड्यापाड्यांत जी लूट झाली, जाळपोळ झाली, बायकांवर अत्याचार झाले, ते इथल्या लोकांनी अंगाईत जपून ठेवलं आहे. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मी त्या आजींच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. त्यांनीच हसून माझ्या हातावर संदेश मिठाई ठेवली.

आता माफी कुणी मागायची? मी? नागपूरकरांचे आजचे वंशज? की ज्या गावांत ती लूट पोचली तिथल्या सगळ्यांनी? लंडनकडे बोट दाखवताना आपल्या पोरांना शाळेत बर्गी शिकवतो का, हे मला आधी विचारावंसं वाटतं. म्हणून मी मास्तरांच्या बाजूला आहे. राजांच्या पापाचा हिशेब मागायला बसलो तर कुणाचंच घर सुटणार नाही.

बांधावरचा

न सुटो. बर्गी शिकवायला हवेतच, त्यात माझा एका शब्दाचा विरोध नाही.

पण नागपूरच्या गादीचा उताराच राहिला नाही. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, राजवाड्यातले जडजवाहीर लिलावात काढले. आणि उरलेल्या संस्थानिकांचे तनखे आपणच १९७१ साली घटनादुरुस्ती करून बंद केले. मिळकत बुडाली तिथं बोजा कुणावर चढवणार? लंडनची मिळकत चालू आहे. फरक तेवढाच आहे आणि तो मोठा आहे.

निळी पाटी

वर सगळे जण 'आपण' म्हणून बोलताहेत. त्या 'आपण'मध्ये माझे पणजोबा बसत नव्हते, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

आमच्या घरात राणीच्या राज्याबद्दल कधी शिव्या ऐकल्या नाहीत. पेशव्यांच्या पुण्यात आमच्या लोकांवर काय वेळ होती ते सांगायला नको. इंग्रजी पलटणीत गेलेल्याला अक्षर ओळखता आलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, हे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "राणीनं आमचं वाटोळं केलं" असं कुणी म्हटलं की माझी आजी विचारायची, "कुणाचं?"

पण म्हणून मी राणीची पालखी उचलणार नाही. त्याच राज्यानं १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत, जिचं उद्घाटन खुद्द पाचव्या जॉर्जनं केलं होतं, बाबासाहेबांनी तोंडावर विचारलं की तुमचं राज्य येण्याआधी आम्ही अस्पृश्य होतो, तुम्ही आल्यावर त्यात काय बदललं? देवळं बंद होती, ती उघडली का? पोलिसांत घेत नव्हते, आता घेता का?

त्याही आधी जोतीराव. १८८८ साली व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात होता. त्याच्या मानार्थ हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सगळे शालजोडीत आणि दागिन्यांत. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि पाहुण्यांना म्हणाले की हे दागिने म्हणजे हिंदुस्थान समजू नका, तुमच्या राणीची खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाचं बघा, आणि हे राणीला सांगा. त्यांनी ड्यूकच्या स्वभावाची चौकशी केली नाही. तो सभ्य आहे की उर्मट, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तुझ्या आईच्या नावानं राज्य चालतं, तर निरोप तिला जाऊ दे, इतका सरळ हिशेब होता.

म्हणून मी ताईंच्या बाजूनं आहे, पण जुन्या पेठेच्या कारणांसाठी नाही.

जुनी पेठ

निळी पाटी, पटलं. पेशवाईचं मी विसरून लिहिलं. रँडची रात्र आणि जोतीरावांची संध्याकाळ, दोन्ही याच शहरातल्या. आम्ही घरात पहिलीच ऐकत वाढलो.

थेम्सकाठची

मास्तर, तुमच्या मुद्द्यावर चार दिवस विचार करत होते. राजा फक्त सरकारचं बोलतो हे खरं. पण नेदरलँड्समध्येही राजा घटनेनं बांधलेलाच आहे. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि १ जुलै २०२३ ला राजा विलेम-अलेक्झांडरनं ॲमस्टरडॅममध्ये स्वतः मागितली. आपल्या पूर्वजांनी गुलामगिरीविरुद्ध काही केलं नाही याबद्दलही त्यानं क्षमा मागितली. म्हणजे वाट आहे. आधी सरकार, मग राजा.

चार्ल्स राजे वाटेच्या तोंडाशी येऊन थांबतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नैरोबीत ते म्हणाले की केनियाच्या लोकांवर झालेले अत्याचार घृणास्पद आणि असमर्थनीय होते, त्यांना कोणतीही सबब असू शकत नाही. मला ते शब्द खरे वाटले, माणूस मनापासून बोलत होता. तरी माफी नाहीच. माऊ माऊ बंडातल्या ५२२८ जणांना भरपाई मिळाली ती २०१३ साली, तीही कोर्टात भांडून.

आणि ती रांगेतली नर्स. ती केप कोस्टची. शाल देताना म्हणाली होती की आमच्या गावात एक किल्ला आहे, कधी आलीस तर दाखवीन. मी तेव्हा बरं म्हटलं आणि सोडून दिलं. मागच्या वर्षी कळलं की तो किल्ला गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचं मुख्य ठाणं होता. १६७२ ची राजाची सनद, प्रमुख राजाचा सख्खा भाऊ, जो पुढे दुसरा जेम्स म्हणून गादीवर आला. त्या कंपनीनं दीड लाखांहून जास्त माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली. तिला हे सगळं माहीत होतं. तरी ती माझ्यासारखीच साडेनऊ तास उभी राहिली आणि शवपेटीसमोर तिनंही मान लववली. तिला मी ढोंगी म्हणू शकत नाही, आणि ती किल्ला विसरली असंही म्हणू शकत नाही.

मिरजकर मास्तर

डच उदाहरण मला माहीत नव्हतं असं नाही, पण तुम्ही लावलेला क्रम विचार करण्यासारखा आहे. तरी माझं मत कायम. माफीचा शब्द राजाच्या तोंडून काढून घेतला की सरकार हात झटकून मोकळं होईल, आणि भरपाईचा प्रश्न समारंभात विरून जाईल. मला ती भीती जास्त वाटते.

एका गोष्टीवर मात्र तुमच्याबरोबर येतो. विंडसर किल्ल्याच्या गोल बुरुजात राजघराण्याचा दप्तरखाना आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याला लागू नाही. गुलामगिरीच्या संशोधनासाठी तिथली कागदपत्रं पाहू देऊ, असं राजवाड्यानं २०२३ मध्ये सांगितलं. एका विषयापुरतं, त्यांच्या मर्जीनं. भारताची पत्रं, व्हिक्टोरियाची, पाचव्या जॉर्जची, सगळी सरसकट खुली व्हावीत. गादीला काय माहीत होतं, कधी कळलं आणि काय केलं, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला मर्जीशिवाय वाचता आलं पाहिजे.

बांधावरचा

म्हणजे जुने फेरफार काढा. मास्तर, अर्ज लिहा, मी सही करतो.

मिरजकर मास्तर

लिहितो. माफीची ओळ त्यात घालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थेम्सकाठची

नका घालू. ती मी माझ्या खासदाराला लिहिलेल्या पत्रात घातली आहे. पत्र काल टाकलं.