मदत हवी आहे: यूव्ही दिवा लावूनही तळ्याचं पाणी हिरवंच

वैतागलेला_तळेगावकर:
अंगणातल्या तळ्याचं पाणी महिनाभर झाला पोपटी आहे, चार बोटं खाली गेलेला मासा दिसत नाही. यूव्ही लावला, फिल्टर आहे, दोनदा पाणी बदललं, आठ दिवसात परत तेच. हे दिवे म्हणजे नुसती फसवाफसवी असते का? रविवारी पाहुणे येतायत, लवकर सांगा.

कोईवेडा:
तळं किती लिटरचं, दिवा किती वॅटचा, किती तास चालू, ऊन किती, मासे किती? यातलं काहीच नाही सांगितलंत.

नाना_सातारकर:
दिवेबिवे सोडा. मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात फिरवा, दोन दिवसात तळ दिसेल. आमच्या विहिरीत हेच करायचो.

कोईवेडा:
नाना, विहिरीत कोई मासे होते का? मोरचूद म्हणजे तांबं, ते कल्ल्यांवर बसतं, तळ दिसेल पण मासे वर उताणे दिसतील.

नाना_सातारकर:
प्रमाणात टाकलं तर काही होत नाही. हल्ली सगळ्यांना यंत्रंच लागतात.

वैतागलेला_तळेगावकर:
लिटर कोण मोजतं हो. बारा बाय सात, खोली तीन फूट. ११ वॅट. १४ कोई. ऊन दुपारपर्यंत. दिवा रात्री दोन तास लावतो, लाइट बिल कोण भरणार?

कोईवेडा:
म्हणजे सात हजार लिटर धरा. दोन तासात काय होणार? शेवाळ दिवसभर उन्हात वाढतंय. २४ तास चालू ठेवा, ११ वॅटला महिन्याला आठ युनिट, त्याने घर बसत नाही. माझ्या आठ हजारला १८ वॅट आहे.

मृण्मयी_बाग:
माझं ऐका, निम्मं पाणी झाकेल इतकी जलपर्णी सोडा, सावली पण होते आणि माशांच्या घाणीतलं खत पण तीच खाते. आमच्याकडे दिवा नाहीच.

पवनाकाठ:
जलपर्णी??? पवना नदीचं काय झालंय बघितलंय का कधी? त्यापेक्षा कमळ लावा.

मृण्मयी_बाग:
तळ्यात आहे हो, नदीत नाही सोडत. दर रविवारी टोपलीभर काढून कंपोस्टात.

नवखा७७:
मधेच विचारतो, यूव्हीने फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात ना?

कोईवेडा:
नाही. ते स्पंजला आणि दगडांना चिकटून असतात. दिव्यासमोरून वाहत जाईल तेवढंच मरतं, म्हणून भिंतीवरचं तंतूशेवाळ पण यूव्हीने जात नाही, ते हातानेच काढायचं. आणि हो, मेलेलं शेवाळ अडवायला फिल्टर लागतोच, तो आठवडाभर तरी लवकर लवकर धुवावा लागेल, पण तळ्याच्याच पाण्यात, नळाच्या नको, क्लोरिनने ते जिवाणू मरतात. तळेगावकर, ट्यूब किती जुनी?

वैतागलेला_तळेगावकर:
मला नवीनच आहे. म्हणजे साडूंचा आहे, त्यांनी तळं बुजवलं तेव्हा दिला, त्यांच्याकडे दोनेक वर्षं होता. पण ट्यूब ठणठणीत आहे, काल झाकण काढून चालू करून पाच मिनिटं बघितली, मस्त निळी पेटते. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, झोपच नाही, एसीचा वारा लागला बहुतेक.

कोईवेडा:
अहो एसी कसला!! त्या दिव्याने डोळे भाजलेत तुमचे, वेल्डिंग बघितल्यावर होतात तसे. त्रास पाच-सहा तासांनी सुरू होतो म्हणून कळत नाही. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. झाकण उघडायच्या आधी प्लग काढायचा, नेहमी.

आणि निळा उजेड म्हणजे दिवा चांगला असं नाही. जंतू मारणारा २५४ नॅनोमीटरचा किरण दिसतच नाही, तो आठ-नऊ हजार तासांत, म्हणजे वर्षभरात, ढिला पडतो, ट्यूब मात्र पेटत राहते. पाणी बोअरचं का?

वैतागलेला_तळेगावकर:
हो बोअरचंच. प्लग काढून बघितलं, ट्यूबवरच्या काचेच्या नळीवर पांढरा थर आहे, नखाने पण निघत नाही, जुन्या गिझरच्या कॉइलसारखा.

कोईवेडा:
मग झालं, बोअरच्या पाण्यातला क्षार बसलाय. त्या थरातून किरण बाहेर येणार कसा. नळी तासभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, मऊ फडक्याने पुसा. फुटली तर साधी काच बसवू नका, क्वार्ट्झचीच हवी, साध्या काचेतून तो किरण जात नाही. ट्यूब नवीन आणा. तरी रविवारपर्यंत काही नाही हं, आठ-दहा दिवस धरा.

शुद्धजल:
आमच्या किचनच्या फिल्टरमध्ये पण यूव्ही आहे, पाण्याला थोडा वास येतो, काय करावं?

वैतागलेला_तळेगावकर:
डॉक्टरांकडून आलो. तेच निघालं. ड्रॉप दिलेत, दोन दिवस काळा गॉगल. ट्यूब सांगितलीय, नळी व्हिनेगरात आहे, सगळं घर लोणच्यासारखं घमघमतंय. पाहुण्यांना कमळ दाखवतो.

पवनाकाठ:
१४ कोईंना पिल्लं झाली तर सांगा, चार-पाच हवीत.