वाचनालयात येतो, पण वाचत नाही

प्रश्न: दारव्ह्याजवळच्या गावात वाचनालय सांभाळते. दहावीतला एक पोरगा रोज येतो, पुस्तक उघडतो, पान उलटत नाही. यंदा कपाशी गेली, घरी सावकाराचा तगादा. त्याच्याशी बोलू कशी?

उत्तर : ताई, समोर बसवून विचारू नका. नव्या पुस्तकांवर शिक्के मारायला सोबत घ्या. हात कामात असले की पोट्टे बोलतात. अन् उपदेश नको जी, नुसतं ऐका.

उत्तर : मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर गुपित ठेवू नका. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तुमच्याच फोनवरून लावून द्या, बाजूला बसा.

प्रश्नकर्ती: उद्या कपाटं झाडायची आहेत. त्यालाच बोलावते.