हॉलमधली लाकडाची फायरप्लेस : किती किलोवॅटची घ्यावी?

काटोलरोडकर
नमस्कार मंडळी. काटोल रोडला गावाबाहेर घर बांधून राहिलो. हॉल 20 बाय 16 फूट, उंची 11, भिंती 9 इंची विटेच्या. जिना हॉलमधूनच वर जातो, उघडा आहे. काचेच्या दाराची, लाकूड जाळायची लोखंडी फायरप्लेस बसवायची आहे. दुकानदार 12 किलोवॅटची घ्या म्हणतो. बजेट धुराड्याच्या पाइपासकट 80 हजार, त्यावर एक रुपया नाही. किती किलोवॅट पुरेल? "नागपुरात फायरप्लेस कशाला" हे सोडून बोला, ते घरचे रोज बोलतात.

वऱ्हाडी_ठेचा
पण नागपुरात फायरप्लेस काहून पाहिजे बाप्पा? मे महिन्यात खिडकी उघडी ठेवा, फुकटात काम होते.

सोनेगाव_सकाळ
ठेचाभाऊ, 29 डिसेंबर 2018 ची सकाळ विसरले का? 3.5 अंश होतं, तेही विमानतळाजवळच्या वेधशाळेत. काटोल रोडला शेतांच्या बाजूला त्याहून कमी असणार. आमच्या नळाचं पाणी हातात धरवत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
एका सकाळीसाठी 80 हजार! शेकोटी करा अंगणात, हुरडा भाजा.

धरमपेठी
माझ्या मते इम्पोर्टेड घ्या. आमच्या साडूंनी चिखलदऱ्याच्या बंगल्यात इटालियन बसवली, पावणेतीन लाख. आठ वर्षं झाली, काच अजून चकाचक. स्वस्तातलं घेतलं की पस्तावा होतो.

काटोलरोडकर
दादा, बजेट 80 हजार लिहिलं आहे वर.

धरमपेठी
हप्त्यावर मिळते.

ग्लासगोचा_महालवाला
मी स्कॉटलंडमध्ये राहतो, घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, म्हणून लिहितो. इकडे ढोबळ हिशोब असा : खोलीचे घनमीटर काढायचे आणि 14 ने भागायचं, आले ते किलोवॅट. तुमचा हॉल 3520 घनफूट, म्हणजे जवळपास 100 घनमीटर. भागाकार 7. पण यात बाहेर शून्याच्या आसपास आणि आत 21 अंश धरलेलं असतं. नागपुरात थंडीच्या रात्री बाहेर 10 धरा. फरक निम्मा, तर उष्णताही साधारण निम्मीच लागणार. साडेतीन-चार किलोवॅट झाले. 12 म्हणजे एसीच्या भाषेत साडेतीन टन, फक्त उलट्या दिशेने. शेवटी अंगावर बनियन ठेवून दारं उघडी टाकून बसाल.

रेशीमबाग_सिव्हिल
14 हा आकडा बऱ्यापैकी बंदिस्त घरांसाठी आहे. आपल्याकडे वर उघडा स्लॅब, खिडक्यांना एकेरी काच. अशा घराला 10 ने भागतात. म्हणजे 10, आणि त्याचं निम्मं 5. शिवाय जिना उघडा आहे, गरम हवा आधी वरच्या बेडरूममध्ये जाईल. जिन्याला जाड पडदा लावा, 5 भरपूर झाले.

मनीषनगर_काकू
मी पण हेच सांगणार होते, 5 पुरे. आमच्या जावईबापूंनी फार्महाऊसवर 10 ची घेतली. गरम होतं म्हणून हवेची खिट्टी बंद करून लाकूड नुसतं धुमसत ठेवायचे. काच काळी ठिक्कर, आणि धुराड्यात डांबरासारखा थर. एका रात्री तो थरच पेटला, वरून ठिणग्या पडत होत्या. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणतो, "काकू, दिवाळी समजा."

रेशीमबाग_सिव्हिल
काकूंचं अगदी बरोबर. "मोठी घ्या, कमी जाळा" हे लाकडाला चालत नाही. लहान चुलीत भगभगता जाळ हवा, तरच धूर पूर्ण जळतो. 1 किलो सुक्या लाकडात अंदाजे 4 युनिट उष्णता असते, चांगल्या बंद स्टोव्हमधून त्यातली 3 खोलीत येते. 5 किलोवॅटला तासाला पावणेदोन किलो लाकूड धरा. उघडी, नुसती विटांची फायरप्लेस बांधलीत तर बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात.

लकडगंजचा_पोरगा
लाकूड बाभळीचं घ्या, जळतं भारी. आरागिरणीवर सागाचे तुकडे मिळतात ते पेटवायला. चिरून, छपराखाली निदान एक उन्हाळा काढलेलं पाहिजे. आपला उन्हाळा इथे कामी येतो, राजेहो! ओलं घेतलं तर आग आधी पाणीच उकळत बसते. आणि प्लायवूड, पॉलिशचं फर्निचर टाकू नका, त्यातल्या डिंकाचा धूर विषारी.

धरमपेठी
बाभळीपेक्षा आंबा चांगला.

लकडगंजचा_पोरगा
आंबा होमाला चांगला. शेकायला बाभूळ. आमचा धंदा आहे हा.

धरमपेठी
धंदा असला म्हणून सगळंच कळतं असं नाही. साडूंकडे आंबाच जाळतात.

*(यावर पुढे बारा-पंधरा प्रतिसाद बाभूळ, आंबा आणि साडू यांच्यावर)*

ग्लासगोचा_महालवाला
एक महत्त्वाचं राहिलं. काटोलरोडकर, स्वयंपाकघर हॉलला उघडं आहे का? ओट्यावर इलेक्ट्रिक चिमणी असेल तर ती सुरू केली की घरातली हवा ओढते आणि फायरप्लेसचा धूर उलटा हॉलमध्ये येतो. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर वासही नसतो. इकडे 5 किलोवॅटच्या वरच्या स्टोव्हला भिंतीत कायमची हवेची जाळी लागतेच. तुम्ही 5 लाही ठेवा, आणि अलार्म लावा.

काटोलरोडकर
ओपन किचनच आहे. हे दुकानदार बोललाच नाही.

रेशीमबाग_सिव्हिल
पाइप 6 इंची, स्लॅबमधून जाताना दुहेरी, मधे इन्सुलेशनवाला. मिस्त्री सिमेंटचा पाइप घालू म्हणेल, ऐकू नका. वर टोपी हवीच. जुलैत पाणी आत गेलं तर स्टोव्ह आतून गंजेल.

वऱ्हाडी_ठेचा
अन् पारवे घर करतील, जाळी लावजा.

काटोलरोडकर
सगळ्यांचे आभार. परवा दुकानात जाऊन आलो. 5 किलोवॅटची पाहिली, काच इतकीशी की आत जाळ आहे की झिरोचा बल्ब ते कळत नाही. मुलगी "ही नको" म्हणाली, सौ.ही तेच म्हणाली. 8 ची ठरवली, रुंद काचेची. 74 हजारात पाइप आणि टोपीसह. हवेची जाळी आणि अलार्म मात्र लावतो.

ग्लासगोचा_महालवाला
मग लाकूड थोडंथोडं टाका, पण हवा बंद करू नका. धुराडं दरवर्षी झाडून घ्या.

मनीषनगर_काकू
मी 5 सांगितली होती.

नवीन_सदस्य_नंदनवन
वरचं सगळं वाचलं नाही, पण 12 चीच घ्या भाऊ. मोठी असली की बरी, कमी जाळता येते.