भाडोत्री पाय, पाहुणे पैलवान आणि पेठेचा फुटबॉल

मंगळवारपेठ_कायम

काल इथं एका गृहस्थानं पोस्ट टाकली. माणूस आपलाच, पण कोथरूडला जाऊन मुरलेला. म्हणणं असं, की कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे पेठांची हाणामारी, संघ चालतात भाडोत्री परदेशी पायांवर, तेव्हा शाहू स्टेडियमला दोन हंगाम कुलूप ठोका आणि तो पैसा तालमीतल्या पैलवानांच्या खुराकाला द्या. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. त्यातले निम्मे हंगामात गॅलरीत माझ्या शेजारी बसून शिट्ट्या मारतात, ती नावं आत्ता घेत नाही.

हाणामारी होते. नाही कोण म्हणतंय? गॅलरीतून बाटल्या येतात, मॅच थांबते, पोलीस काठ्या आपटतात. पण ईर्षा ह्या गावाच्या रक्तात आहे. गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर कुणाचं मंडळ पुढं आणि कुणाचं मागं, यावरून पहाट होते. तिथं कुणी म्हणतं का, दोन वर्षं गणपती बसवू नका?

माझं डोकं फिरलं ते ‘भाडोत्री’वर. कुस्तीचा एवढा पुळका आहे ना, मग कुस्तीचंच बघू. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९५९. गाव एकसंबा, आज कर्नाटकात. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, गाव पुनवत, तालुका शिराळा. मारुती माने कवठेपिरानचे. हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडून येऊन गंगावेश तालमीत घडले. दीनानाथसिंह तर थेट उत्तर प्रदेशातले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. यातला आपल्या पेठेत जन्मलेला एक दाखवा. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग उघडलं ते काय फक्त शिवाजी पेठेतल्या पोरांच्या कुस्त्या बघायला? गुणी माणूस कुठलाही असो, त्याला इथं आणायचं, पोसायचं, लढवायचं, ही ह्या गावाची रीत आहे. पैलवान आला की राजाश्रय, आणि नायजेरियाचा स्ट्रायकर आला की भाडोत्री होय?

आणि संघांची नावं तरी बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. जिथं कुस्तीच्या हौद्यात पोरं घुमली, त्याच तालमींचे हे संघ. कुस्ती आणि फुटबॉल असली वाटणी पुण्यात बसून करता येते, इथं राहून नाही.

माती_आणि_मॅट

यादी पाठ आहे, छान. आता पुढचं पण सांगा की. आंदळकर कोल्हापुरात आले ते परत गेले का? मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभं आयुष्य घातलं, किती पोरं घडवली. खंचनाळे इथलेच झाले. तुमचा स्ट्रायकर हंगामाला येतो, फ्लॅटवर राहतो, मॅचमागं पैसे मोजून घेतो आणि पावसाच्या आत विमानात बसतो. त्याची चूक नाही, त्याचा तो धंदा आहे. पण त्याला आंदळकरांच्या ओळीत बसवू नका, वाईट वाटतं.

माझ्या भाच्याचं सांगतो. वयाच्या आठव्या वर्षापासून गांधी मैदानावर. पाऊस पडला की त्या मैदानाचं तळं होतं, तरी चिखलात. शाळेच्या संघातून खेळला, मग एका मोठ्या संघानं घेतलं. नाव घेत नाही, उगाच उद्या घरासमोर गाड्या नकोत. पूर्ण हंगाम बाकावर. त्याच्या जागेवर बाहेरून आणलेला. दुसऱ्या वर्षी पोरानं बूट माळ्यावर टाकले, आता वडिलांच्या दुकानात बसतो. हे कुठल्या राजाश्रयात बसतं?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, पुढं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग खेळला. त्याला घडवलं बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीनं. पेठेच्या वाट्याला काय, तर फ्लेक्स.

वरुणतीर्थ_वेश

मी शिवाजी पेठेचा, त्यामुळं मंगळवार पेठेशी सहमत होताना हात थरथरतोय. पण भाडोत्रीच्या मुद्द्यावर हा गडी बरोबर बोलतोय. बाहेरचा सहा फुटी फॉरवर्ड अंगावर येतो तेव्हा आपला डिफेंडर शिकतो. नुसतं पेठेतल्या पेठेत खेळून किती शिकणार? पंजाबच्या मल्लांशी लढूनच आपले पैलवान तयार झाले ना?

बाकी भांडणं कोण सुरू करतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते इथं लिहीत नाही.

मंगळवारपेठ_कायम

लिही की मर्दा. गॅलरीत तोंड लपवून बसतोस, इथं तरी लिही.

@माती_आणि_मॅट, भाच्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण बाकावर बसवणारा कोच इथलाच होता ना? मग नायजेरियन कशाला झोडपताय? आणि तुमच्या कुस्तीत तरी काय दिवे लागलेत? महाराष्ट्र केसरीची गदा २००० ला विनोद चौगुलेनं आणली, त्यानंतर थेट २०२२ ला पृथ्वीराज पाटीलनं. मधली एवढी वर्षं कुठला स्ट्रायकर आडवा आला होता?

माती_आणि_मॅट

आडवी आली मॅट. गाव लाल मातीत अडकलं, बाकीचे मॅटवर गेले. आणि आडवा आला खर्च. दूध, तूप, बदाम यांचे भाव बघितलेत का? शेतकऱ्याच्या घरातून एक पैलवान पोसायचा म्हणजे घरातलं एक दुभतं जनावर त्याच्या एकट्याच्या नावानं. १९५२ ला खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. आज घर गहाण टाकणारा सोडा, वर्गणी मागायला गेलं तर विचारतात, जर्सीवर नाव कुठं छापणार? पैलवानाच्या लंगोटावर काय छापायचं?

साठमारीकर_ताई

तुमचं राजाश्रय वगैरे चालू द्या. मी स्टेडियमच्या मागं राहते. हंगाम सुरू झाला की दुपारी तीननंतर आमच्या गल्लीत माणूस आत येऊ शकत नाही आणि बाहेर जाऊ शकत नाही. दारात गाड्या, उंबऱ्यावर गाड्या. गेल्या हंगामात आईला दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा कोपऱ्यावर उभी, आणि आम्ही दोघी बहिणींनी आईला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेली. आत गोल झाला होता, बाहेर फटाके.

आणि हो, मलाही मॅच आवडते. वडील लहानपणी खांद्यावर बसवून न्यायचे. आता एकटी जाऊन बघायची म्हटलं तर गॅलरीत ज्या शिव्या चालतात त्या ऐकवत नाहीत. पोरींचे संघ आहेत कोल्हापुरात, चांगल्या खेळतात. त्यांच्या मॅचला तुमची ईर्षा कुठं जाते?

पेठेतली पोरं चालत येतात, त्यांचं काही नाही. ही सगळी गाड्यांची गर्दी बाहेरगावची. पाचगाव, कळंबा, उचगाव, तिकडून लोंढे येतात.

पाचगावचा_पाहुणा

ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण ‘बाहेरगावचे लोंढे’? पाचगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये आता एक गुंठा तरी मोकळा राहिलाय का? आमची निम्मी वस्ती म्हणजे तुमच्याच पेठांतून जागा परवडत नाही म्हणून आलेली माणसं. माझा जन्म मंगळवार पेठेतला, आजोबांचं घर वाटणीत गेलं म्हणून इकडं आलो.

एक विचारतो. स्वप्निल कुसाळेला २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी माणसाला ऑलिंपिकचं वैयक्तिक मेडल. तेव्हा शहरभर फ्लेक्स लागले ‘कोल्हापूरचा सुपुत्र’. तो कांबळवाडीचा, तालुका राधानगरी. नेमबाजी शिकला नाशिकला. मेडल आणलं की राधानगरीपर्यंत कोल्हापूर, आणि गाडी लावली की पाचगाव बाहेरगाव. व्वा!

घरफाळा_भरणारा

@पाचगावचा_पाहुणा, बरं झालं विषय काढलात. एवढं कोल्हापूरकर व्हायचंय तर हद्दवाढीला विरोध कशाला? १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द एक इंच वाढलेली नाही. राज्यात असलं दुसरं शहर दाखवा. प्रस्ताव निघाला की तुमची गावं बंद पाळणार, मोर्चा काढणार. केएमटीची बस पाहिजे, दवाखाना पाहिजे, आग लागली की बंब पाहिजे, पोरांना शाळा शहरातल्या पाहिजेत. घरफाळा तेवढा ग्रामपंचायतीचा पाहिजे. तुमच्या भागातल्या केएमटीच्या तोट्याचे पैसे माझ्या खिशातून जातात.

पाचगावचा_पाहुणा

बसला तिकीट काढून बसतो, फुकट नाही. आणि दवाखाना, शाळा म्हणाल तर तुमची बाजारपेठ चालते कुणाच्या पैशावर? महाद्वार रोडवर दिवाळीची खरेदी करणारे सगळे काय पेठेतले असतात?

विरोध का, ते सांगतो. आमच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो, रात्री दोन वाजता बायको बॅरल घेऊन उभी राहते. मला सांगा, महापालिकेत आलो की नळ येणार? तुमच्याच पेठांना काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, आणि अजून आज गळती, उद्या पंप बंद. जे आत आहेत त्यांनाच देता येईना, आणखी गावं घेऊन काय पाजणार, पंचगंगा?

२०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण दिलं आमच्या गळ्यात. त्यातून मिळालं काय, तर बांधकाम परवान्यासाठी हेलपाटे. त्या अनुभवावर विरोध आहे, हौस म्हणून नाही.

घरफाळा_भरणारा

म्हणजे फुकटेपणा चालूच ठेवणार.

पाचगावचा_पाहुणा

फुकटा कुणाला म्हणतोस रे? २०१९ च्या पुरात तुमच्या पेठा पाण्यात होत्या तेव्हा आमच्या हॉलमध्ये तुमच्याकडची माणसं झोपत होती. भाकरी आम्ही बांधून दिल्या. तेव्हा हद्द विचारली नाही कुणी.

घरफाळा_भरणारा

पूर काढू नकोस. मी स्वतः बोटीतून बाहेर पडलोय. भाकरीचे उपकार आहेत, मान्य, त्याबद्दल हात जोडतो. पण उपकारावर गटारं बांधता येत नाहीत. ६६ चौरस किलोमीटरच्या गावाला केंद्राचा निधी कसा मिळणार? लोकसंख्या कागदावर दिसायला नको? तुझी नाही दिसत, कारण तू मोर्चात आहेस.

वरुणतीर्थ_वेश

बाटल्या फेकायला गॅलरीतली पोरं बदनाम, आणि इथं हे दोघं बघा.

मंगळवारपेठ_कायम

अरे विषय काय, चाललंय काय! हद्दवाढीचा वेगळा धागा काढा. माझं एवढंच म्हणणं होतं की बाहेरून आलेल्या माणसाला…

पाचगावचा_पाहुणा

हो हो, बाहेरून आलेल्याला आश्रय देणं ही गावाची रीत. नायजेरियाला लागू, पाचगावला नाही.

कोथरूडवासी_कोल्हापुरी

ज्याच्या पोस्टवरून हे सगळं पेटलं तो मी. कामावर होतो, आत्ता वाचलं. कोथरूडला मुरलो हे खरं, पण खांद्यावर टाक्यांची खूण घेऊन मुरलो. कॉलेजात असताना स्टेडियमबाहेर लागलेला दगड आहे तो. मारणारा माझ्याच पेठेचा होता, नेम चुकला म्हणून नंतर चहा पाजायला आला. तुम्ही त्याला ईर्षा म्हणता, मला त्या रात्री सहा टाके पडले.

पैलवानांच्या यादीनं मात्र पंचाईत केली. ठीक आहे, ‘भाडोत्री’ मागं घेतो. ‘हंगामी पाहुणे’ म्हणतो, चालेल ना पेठेला? आणि दोन हंगाम कुलूप नको, एकच ठोका. खुराकाच्या पैशाचं काय ते मात्र कुणीच बोललं नाही.

मंगळवारपेठ_कायम

टाक्यांपुढं काय बोलणार. पण तिकिटाचा पैसा फुटबॉलचाच आहे, फुटबॉल बघणाऱ्यानं दिलाय. तो खुराकाला वळवायचा, तर उद्या नाटकाच्या तिकिटातून क्रिकेटचं पिच करा. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला जळलं तेव्हा सगळं गाव रडलं. ते आणि खासबाग एकमेकांना चिकटून आहेत, पण म्हणून कुणी म्हटलं नाही की नाटकाचा पैसा कुस्तीला द्या.

माती_आणि_मॅट

पैसा वळवू नका, मला नको तो. एवढंच करा, प्रत्येक संघानं एकोणीस वर्षांखालची गल्लीतली दोन पोरं पूर्ण नव्वद मिनिटं खेळवायची. नियमच करा. मग वर सात परदेशी आणा, माझी ना नाही.

मंगळवारपेठ_कायम

दोन जरा जास्त होतात.

माती_आणि_मॅट

बघितलंत? हाच आमच्या भाच्याचा बाक.

मंगळवारपेठ_कायम

बरं बाबा, दोन. पण गोलकीपर धरून. आणि फायनलला नाही.

साठमारीकर_ताई

पोरींच्या मॅचचं कुणी उत्तर दिलं नाही. गाड्यांचंही नाही. अपेक्षा नव्हतीच.

वरुणतीर्थ_वेश

ताई, गाड्यांचं शिवाजी पेठेकडून लिहून देतो, आमची पोरं चालत येतील. मंगळवार पेठेचं त्यांनी बघावं.

पाचगावचा_पाहुणा

ताई, तुमच्या दारात गाडी लावणार नाही, शब्द. रविवारी मॅचला केएमटीनं येतो. तेवढाच @घरफाळा_भरणारा यांच्या तोट्याला हातभार.

घरफाळा_भरणारा

ये. तिकीट जपून ठेव. त्या मार्गावर माझा मेहुणा चेकर आहे, आणि तो हद्दवाढ समितीतपण आहे.