मदत हवी आहे: फोटोडायोडच्या सर्किटमधला उरलेला नॉइज कुठून येतो?

नमस्कार,

बीपीडब्ल्यू३४ या फोटोडायोडचा (प्रकाश पडल्यावर प्रवाह देणारा डायोड) काही नॅनोअँपियरचा प्रवाह मोजण्यासाठी मी टीएल०७२ हा ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) वापरून ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायर, म्हणजे प्रवाहाचे व्होल्टेज करणारे सर्किट, बांधला आहे. फीडबॅकमध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, त्यामुळे बँडविड्थ साधारण १.६ किलोहर्ट्झ येते. डायोडला बायस, म्हणजे बाहेरून स्थिर व्होल्टेज, दिलेला नाही.

सुरुवातीला ब्रेडबोर्डवर घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा हम (गुणगुण) इतका होता की मूळ सिग्नल ओळखूच येईना. मग अडॅप्टर काढून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावल्या, ऑप-अँपची इन्व्हर्टिंग पिन उचलून डायोड आणि रेझिस्टर तिला अधांतरीच सोल्डर केले, आणि सगळे सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा ग्राउंडला जोडला. हम गेला. (बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटात १०० हर्ट्झ कुठून येतो, हे कोडे मात्र दोन दिवस सुटले नाही, झाकणाच्या फटीतून सेकंदाला १०० वेळा लुकलुकणारा ट्यूबलाइटचा उजेड आत शिरत होता.)

आता पूर्ण अंधारात आउटपुटवर सुमारे १२५ मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉइज उरतो, आणि रेझिस्टरचा औष्णिक (तापमानामुळे आपोआप येणारा) नॉइज या बँडविड्थला गणिताने जेमतेम २० मायक्रोव्होल्ट येतो. उरलेला कुठला? रेझिस्टर १ मेगाओहमचा करून पाहावा का?

प्रतिसाद:

रेझिस्टर कमी करू नका. तो दहापटीने उतरवलात तर सिग्नलही दहापटीने उतरेल, पण औष्णिक नॉइज घनता सुमारे ३.२ पटच कमी होईल.

तुमचा हिशेब सिग्नलच्या बँडविड्थपाशी थांबला आहे. ऑप-अँपचा स्वतःचा व्होल्टेज नॉइज तिथे थांबत नाही. बायस नसताना या डायोडची धारिता सुमारे ७० पिकोफॅरड असते. तीत ऑप-अँपची आणि तारांची मिळून १० धरली, तर उच्च वारंवारतेला नॉइज गेन (ऑप-अँपचा स्वतःचा नॉइज आउटपुटवर किती पट होतो ते) १ + ८०/१०, म्हणजे ९ होतो. टीएल०७२ चा नॉइज दर √हर्ट्झला १८ नॅनोव्होल्ट असल्याने आउटपुटवर १६२ नॅनोव्होल्ट होतात, आणि ३ मेगाहर्ट्झच्या गेन-बँडविड्थमुळे (ऑप-अँपच्या गेन आणि बँडविड्थचा गुणाकार; ३ मेगाहर्ट्झ भागिले ९) ते ३०० किलोहर्ट्झच्याही पुढे टिकतात. त्यांची बेरीज साधारण ११७ मायक्रोव्होल्ट भरते, म्हणजे तुमचे मोजमाप बरोबरच आहे.

आउटपुटनंतर १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा साधा आरसी फिल्टर लावा. त्यानंतरही २० च्या आसपास आला नाही, तर आधी डबा तपासा.